साडेसातच्या कार्डाचे किती द्यायचे? जुन्या कार्डांच्या अर्ध्या ग्रेडची किंमत काढण्याची रीत

अमेरिकेत स्थायिक झालेले आणि बेसबॉलची गोडी लागलेले बरेच मराठी लोक कधी ना कधी जुन्या कार्डांपाशी येऊन पोचतात. मुलाच्या लिटिल लीगमुळे टॉप्स कंपनीच्या कार्डांची पाकिटं घरात यायला लागतात, ऑफिसात कुणीतरी मिकी मँटल या जुन्या बेसबॉलपटूचं नाव काढतं, आणि एखाद्या रविवारी आपण कार्ड-शोमध्ये काचेच्या पेटीपुढे तासभर उभे असतो. मलाही हा नाद असाच लागला. तपासणी कंपन्या कार्डाची अवस्था बघून त्याला १ ते १० मधला गुण, म्हणजे ग्रेड, देतात आणि कार्ड प्लास्टिकच्या डबीत बंद करतात. नव्या माणसाची पहिली अडचण बहुतेक वेळा एकच असते. सात ग्रेडचं कार्ड हजार डॉलरला जातं, आठचं अडीच हजारांना, हे फोनवर दोन मिनिटांत कळतं. पण समोरच्या डबीवर लिहिलेलं असतं ७.५, आणि विकणारा शांतपणे म्हणतो, "साडेसतराशे. बरोबर मधली किंमत लावलीय."

ही मधली किंमत जवळजवळ नेहमीच जास्त असते. का असते आणि खरा आकडा कसा काढायचा, ते खाली क्रमाने सांगतो. हा सगळा हिशोब १९८० च्या आधीच्या कार्डांचा आहे. आजकालच्या चकचकीत कार्डांचा बाजार वेगळ्या नियमांनी चालतो, तो इथे धरलेला नाही.

हाताशी काय असावं

- दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग आणि खिशात मावणारी टॉर्च
- मिलिमीटरची पारदर्शक पट्टी
- ईबेचं खातं, म्हणजे नुसत्या लावलेल्या किमती न दिसता झालेल्या विक्री बघता येतात
- १३० पॉइंट ही साइट. "बेस्ट ऑफर"ने झालेला सौदा नेमका कितीला तुटला ते तिथे कळतं
- पीएसए या तपासणी कंपनीच्या साइटवरची लिलावांच्या भावांची नोंद आणि पॉप्युलेशन रिपोर्ट, म्हणजे कोणत्या ग्रेडची किती कार्डं तपासली गेली त्याची यादी
- मोठी खरेदी करणार असाल तर कार्ड लॅडर किंवा व्हिंटेज कार्ड प्राइसेस या भाव नोंदणाऱ्या साइटची वर्गणी
- एक वही किंवा स्प्रेडशीट, आणि प्रत्येक खरेदीची पावती

१. आधी लेबल नीट वाचा

आकड्याच्या आधी कंपनीचं नाव बघा. पीएसएने अर्धे ग्रेड २००८ साली सुरू केले. त्याआधी त्यांच्याकडे सात होता किंवा आठ, मधलं काही नव्हतं. त्यामुळे २००८ च्या आधीच्या जुन्या लेबलांमधले काही सात आज तपासले तर साडेसात ठरू शकतात. पीएसएच्या मोजपट्टीत सगळ्यात खालचा अर्धा ग्रेड दीडचा, म्हणजे "फेअर", आणि सगळ्यात वरचा साडेआठचा. साडेनऊ पीएसए देतच नाही. एसजीसी आणि बेकेट या दुसऱ्या कंपन्या मात्र देतात.

एसजीसीची जुनी लेबलं हातात आली तर गोंधळू नका. पूर्वी ते शंभरपैकी गुण द्यायचे आणि ते सरळ दहाने भागता येत नाहीत: ८४ म्हणजे ७, ८६ म्हणजे ७.५, ८८ म्हणजे ८, ९२ म्हणजे ८.५. "८६ आहे, म्हणजे साडेआठच्या वरचं" असं सांगणारा विक्रेता भेटला तर तिथून निघा.

वेगवेगळ्या कंपन्यांचे साडेसात एका भावाने जात नाहीत. जुन्या बेसबॉल कार्डांत सारख्या आकड्याला पीएसएचा भाव बहुधा वर असतो. म्हणून एसजीसीच्या कार्डाला एसजीसीच्याच विक्रीचे दाखले शोधा. ते न मिळाले तरच पीएसएवरून अंदाज बांधा आणि त्यातून काही कमी करा.

लेबलवर ग्रेडच्या पुढे अक्षरं दिसली तर थांबा. ओसी म्हणजे चित्र मध्यावर नाही, एमके म्हणजे पेनाची खूण, एसटी म्हणजे डाग, पीडी म्हणजे छपाईतला दोष. "८ ओसी" हे आठचं कार्ड धरायचं नाही. बाजारात ते साधारण दोन ग्रेड खाली, म्हणजे सहाच्या आसपास विकलं जातं.

शेवटी लेबलवरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या साइटवर घालून बघा. तिथे फोटो असेल तर हातातल्या कार्डाशी ताडून पाहा. कोपऱ्याची बारीक इजा, छपाईचा ठिपका, चित्राचा कल, सगळं जुळलं पाहिजे. खऱ्या क्रमांकाच्या नकली डब्या बाजारात आहेत.

२. कार्ड नेमकं कोणतं, ते ठरवा

हे काम छोटं आहे, पण वगळू नका. उदाहरणादाखल १९५६ चा टॉप्स संच घेऊ, कारण शिकायला तो फार चांगला. ३४० कार्डं आहेत आणि मँटल, मेझ, एरन, क्लेमेंटे, कोफॅक्स, जॅकी रॉबिन्सन, टेड विल्यम्स असे सगळे गाजलेले खेळाडू त्यात आहेत. मँटलचा क्रमांक १३५. या संचातली १ ते १८० क्रमांकांची कार्डं करड्या आणि पांढऱ्या अशा दोन्ही पाठींची मिळतात आणि दोन्हींचा भाव सारखा नसतो. करड्या पाठीचा दाखला पांढऱ्या पाठीच्या कार्डाला लावला तर पुढचं सगळं गणित वाया जाईल.

३. शेजारच्या दोन पूर्ण ग्रेडचे भाव काढा

साडेसातच्या विक्री थोड्या असतात, सात आणि आठच्या भरपूर. त्यामुळे पाया या दोन ग्रेडवर घालायचा. गेल्या तीन-चार महिन्यांतले सातचे पाच-सहा आणि आठचे पाच-सहा सौदे वहीत उतरवा. प्रत्येकापुढे तारीख, जागा आणि फोटोत कार्ड कसं दिसतं याचे दोन शब्द लिहा. सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त असे दोन बाजूला ठेवा आणि उरलेल्यांचा मधला आकडा घ्या.

ईबेवर कुणी "मागतंय" तो आकडा वहीत लिहायचा नाही. मागणारे वर्षानुवर्षं मागत बसतात. लिलावगृहांच्या आकड्यांत खरेदीदाराकडून घेतलेला जादा आकार, साधारण २० टक्क्यांच्या घरातला, बहुतेक वेळा धरलेला असतो. हातोडा हजारावर पडला तरी नोंद बाराशेची होते. ईबेच्या आकड्यात असा आकार नसतो. दोन्ही आकडे एकाच रकान्यात घालण्याआधी कोणता आकडा काय सांगतो ते लिहून ठेवा.

४. मधल्या अंतरातला वाटा काढा

खरं काम या पायरीवर आहे, म्हणून इथे जरा थांबू.

जुन्या कार्डांचे भाव ग्रेडगणिक पटीत वाढतात. सात ते आठ जाताना हजाराचे अडीच हजार होत असतील तर भाव अडीचपट झाला. मग निम्म्या वाटेवर तो किती पट व्हावा? १.५८ पट, कारण १.५८ ला १.५८ ने गुणलं की अडीच होतात. म्हणजे साडेसातचं कार्ड गणिताने १५८० डॉलरच्या आसपास येतं. विकणाऱ्याच्या १७५० मधले १७० डॉलर इथेच कमी झाले. फोनच्या कॅल्क्युलेटरवर हे सोपं आहे: दोन्ही भावांचा गुणाकार करा आणि त्याचं वर्गमूळ काढा. मी हा आकडा कमाल मर्यादा म्हणून धरतो. साध्या, चारचौघांसारख्या दिसणाऱ्या साडेसातला त्याहून जास्त द्यायचं मला कारण दिसत नाही.

बाजार बहुतेक वेळा याच्याही खाली असतो. ते मोजायला त्याच संचातले भाऊबंद शोधा. मँटलच्या साडेसातच्या विक्री थोड्या असल्या तरी क्लेमेंटे, कोफॅक्स, एरन, मेझ यांची साडेसातची कार्डं अधूनमधून विकली जातात. समजा, यातल्या एकाचं सातचं कार्ड २००, साडेसातचं २६० आणि आठचं ४०० डॉलरला जातंय. सात ते आठमधलं अंतर २०० डॉलरचं आणि त्यातले ६० साडेसातच्या वाट्याला आले, म्हणजे ३० टक्के. असे तीन-चार खेळाडू घ्या. कुठे २५ येतील, कुठे ४०. मधला आकडा ३० निघाला तर आपल्या कार्डाला लावा: हजार अधिक पंधराशेचे ३० टक्के, म्हणजे १४५०. (आकडे हिशोब समजण्यापुरते घेतलेत, आजचे भाव म्हणून धरू नका.)

तर १४५० हा अंदाज आणि १५८० ही मर्यादा. सौदा या दोन आकड्यांच्या मध्ये किंवा थोडा खाली व्हायला हवा.

साडेसात सातकडे का झुकतं, यामागचं कारण समजून घ्या. ज्याला आठ हवाय त्याला आठच हवाय, त्याच्या संचात पुढे-मागे सगळे आठ आहेत. ज्याला सात पुरतो तो अर्ध्या गुणासाठी चारशे-पाचशे डॉलर सहज सोडत नाही. शिवाय जी साडेसातची कार्डं खरोखर आठसारखी दिसतात, ती त्यांचे मालक पुन्हा तपासायला पाठवतात. त्यातली काही आठ होऊन येतात आणि साडेसातच्या रांगेतून बाहेर पडतात. बाजारात फिरत राहतात ती बहुतेक या चाळणीतून खाली राहिलेली असतात. "हे तर आठच होतं, एक पायरी हुकली" असं कुणी सांगू लागलं की हे आठवा.

५. जुना दाखला आजच्या भावात आणा

कधीकधी नेमक्या आपल्याच कार्डाचा साडेसातचा एक दाखला मिळतो, पण वर्ष-सव्वा वर्षापूर्वीचा. तो टाकायचा नाही आणि जसाच्या तसा घ्यायचाही नाही. समजा, तेव्हा साडेसात १६०० ला गेलं आणि त्याच महिन्यांत सात १२०० ला जात होतं. १६०० भागिले १२०० म्हणजे १.३३. आज सात हजाराला जातं, म्हणून आजचा साडेसात १३३० च्या आसपास. चौथ्या पायरीतल्या १४५० शेजारी हा आकडा मांडला की १३३० ते १४५० असा पट्टा तयार होतो, आणि पट्टा हाती असला की घासाघीस करायला बळ येतं.

वेळ किती फरक पाडते ते मोठ्या सौद्यांत स्पष्ट दिसतं. टी-२०६ मालिकेतलं होनस वॅगनरचं एसजीसी ३ ग्रेडचं कार्ड ऑगस्ट २०२१ मध्ये ६६ लाख डॉलरला गेलं. वर्षभराने, ऑगस्ट २०२२ मध्ये, त्याच वॅगनरचं एसजीसी २ खासगी सौद्यात साडेबहात्तर लाखांना विकलं गेलं. खालचा ग्रेड वरच्याला मागे टाकून गेला. अर्ध्या ग्रेडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरणही त्याच महिन्यातलं: १९५२ च्या टॉप्समधलं मँटलचं ३११ क्रमांकाचं कार्ड, एसजीसी ९.५, एक कोटी २६ लाख डॉलर. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये याच कार्डाचं पीएसए ९ हे ५२ लाखांना विकलं गेलं होतं. यावरून "अर्ध्या ग्रेडला दुप्पट भाव" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कंपनी वेगळी, काळ दीड वर्षाने वेगळा, आणि त्या एका कार्डाचा इतिहासही निराळा होता.

६. आता कार्ड बघा

इथवर कार्डाकडे न बघता हिशोब झाला. आता डबी हातात घ्या.

पहिलं सेंटरिंग, म्हणजे चित्र किती मध्यावर आहे ते. डावी आणि उजवी पांढरी किनार मिलिमीटरमध्ये मोजा. डावी ३ आणि उजवी २ असेल तर एकूण ५ पैकी ३, म्हणजे ६०-४०. वर-खालीही असंच. पीएसएच्या नियमात समोरच्या बाजूला सातला ७०-३० पर्यंत चालतं आणि आठला ६५-३५. अर्धा ग्रेड देताना ते मुख्यतः सेंटरिंग बघतात. त्या ग्रेडच्या किमान मर्यादेपेक्षा पाच-दहा टक्के चांगलं असावं, अशी त्यांची अपेक्षा असते. म्हणून साडेसातच्या डबीत ७०-३० ला टेकलेलं कार्ड दिसलं तर ते कमकुवत साडेसात, पट्ट्याचं खालचं टोक त्याला पुरे. ५५-४५ असेल तर वरचं टोक द्यायला हरकत नाही.

नॅशनल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वार्षिक मेळाव्यात एका टेबलावर मी एकाच खेळाडूची साडेसातची दोन कार्डं शेजारी ठेवलेली पाहिली. लेबलं सारखी, किंमतही सारखी. एकाचं चित्र उजवीकडे सरकलेलं आणि रंग जरा विटलेला. दुसऱ्याच्या चारही किनारी जवळजवळ सारख्या, लाल रंग अजून ओला वाटावा इतका ताजा. भिंगातून पाहिलं तर या दुसऱ्याचा खालचा एक कोपरा किंचित मऊ झालेला, त्यामुळेच ते आठपर्यंत गेलं नसणार. पाचेक पावलांवरून मात्र ते आठच वाटत होतं. सारख्या किमतीत दुसरंच घ्यावं हे कुणीही सांगेल. लक्षात घ्यायचं ते हे की पहिलं कार्ड त्या किमतीला महाग होतं.

दुसरं, टॉर्च तिरकी धरून डबी हळूहळू कलती करा. समोरून न दिसणारी बारीक सुरकुती अशी एकदम चमकते. पाचच्या वर ग्रेड असलेल्या कार्डावर ठळक सुरकुती दिसली तर डबी जपून ठेवून द्या, शंकेला जागा आहे.

तिसरं, त्या संचाची दुखणी माहीत करून घ्या. १९७१ च्या टॉप्सला काळ्या कडा आहेत आणि जरासा टवका उडाला तरी पांढरं दिसतं. तिथे साडेसात मिळवणं कठीण, म्हणून अर्ध्या गुणाला वजन जास्त. १९५२ च्या टॉप्समधलं पहिलं कार्ड अँडी पॅफ्कोचं. गठ्ठ्याच्या वर असल्याने रबर बँडचा सगळा मार त्याने खाल्ला. अशा कार्डांना भाऊबंदांचा वाटा लावू नका, त्यांचा बाजार स्वतंत्र आहे.

७. पॉप (पॉप्युलेशन) रिपोर्ट जपून वाचा

"साडेसात फक्त एवढीच आहेत, आठ याच्या तिप्पट आहेत!" हे वाक्य कार्ड-शोमध्ये हमखास ऐकू येतं. आकडा खरा असू शकतो, निष्कर्ष चुकीचा. अर्धे ग्रेड २००८ नंतर आले, त्याआधी तपासलेली कार्डं पूर्ण ग्रेडमध्येच मोजली गेली. शिवाय एकच कार्ड डबी फोडून पुन्हा पाठवलं तर ते दोनदा मोजलं जाऊ शकतं. साडेसात कमी आहेत म्हणून आठपेक्षा दुर्मिळ ठरत नाहीत. ज्याला आठ चालतो त्याला साडेसात हवाय असं नाही, आणि भाव मागणीवर ठरतो.

पॉप रिपोर्टात मी एकच गोष्ट बघतो: याच्या वर किती आहेत. वर शेकडो असतील तर अर्ध्या गुणाला फार किंमत नाही. वर चार-पाचच असतील तर गोष्ट वेगळी.

८. खालच्या आणि वरच्या टोकाला रीत बदला

दीड, अडीच, साडेतीन इथे लेबलपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा. एखाद्या कार्डाला १ मिळालेला असतो तो पाठीवरचा कागद वहीला चिकटून निघाल्यामुळे, आणि समोरची बाजू मात्र देखणी असते. असं १ ग्रेडचं कार्ड घड्या पडलेल्या अडीचपेक्षा जास्त भाव खाताना मी अनेकदा पाहिलंय. या टोकाला वर्गमूळ वगैरे बाजूला ठेवा, फोटो शेजारी ठेवून तुलना करा. नव्या माणसाने सुरुवातही इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. सुंदर दिसणारं अडीच ग्रेडचं क्लेमेंटे कोणत्याही कपाटाची शोभा वाढवतं.

साडेआठला उलट. पन्नाशीच्या दशकातल्या कार्डांचे नऊ फार थोडे असतात आणि आठ ते नऊ भाव अनेकपट उडी घेतो. पीएसएच्या सेट रजिस्ट्रीत, म्हणजे संचांना क्रमवारी लावणाऱ्या यादीत, चढाओढ करणारे संग्राहक इथे भेटतात. दोन जिद्दी माणसं एका लिलावात समोरासमोर आली की अर्ध्या गुणाचे वाटेल तेवढे पैसे पडतात. त्या एका लिलावाचा आकडा पुढच्या वेळी टिकेलच असं नाही. साडेआठला किमान तीन दाखले मिळेपर्यंत हात आखडता ठेवा.

९. "पुन्हा पाठवलं की आठ होईल" याचे पैसे देऊ नका

हा सगळ्यात महाग सापळा. हिशोब करा. साडेसात १४५० ला घेतलं आणि आठ झालं तर १०५० डॉलर वाढले. तपासणीचं शुल्क कार्डाच्या किमतीप्रमाणे चढतं. त्यात जाण्यायेण्याचं टपाल आणि विमा धरा, समजा दीडशे. दहातलं एक कार्ड वर जात असेल तर सरासरी मिळकत १०५ डॉलर आणि खर्च १५०. खरोखर आशा वाटलीच तर डबीसकट त्याच कंपनीकडे फेरतपासणीला पाठवा. डबी फोडून पाठवलं तर सहाही होऊन येऊ शकतं, किंवा कडा छाटल्याच्या संशयावरून ग्रेडच नाकारला जाऊ शकतो.

१०. हातात काय पडेल ते मोजा

विकताना ईबे साधारण १३ टक्के कापून घेतं. १४५० ला विकलं तर टपाल धरून साडेबाराशेच्या आसपास हाती येतात. म्हणूनच कार्ड-शोमधला व्यापारी रोखीत अकराशे-बाराशे देतो तेव्हा तो लुबाडतोय असं लगेच समजू नका. घेताना राज्याचा विक्रीकरही तुमच्या खर्चात धरा.

पावत्या जपा. वर्षाहून जास्त काळ ठेवलेल्या संग्राह्य वस्तूंच्या नफ्यावर अमेरिकेत केंद्रीय कर कमाल २८ टक्क्यांपर्यंत लागू शकतो, शेअरपेक्षा जास्त. खरेदीची पावती नसेल तर नफा किती झाला हे सिद्ध करणं अवघड जातं. मी प्रत्येक कार्डाच्या ओळीत प्रमाणपत्र क्रमांक, खरेदीची तारीख, एकूण दिलेली रक्कम आणि त्या दिवशीचे शेजारच्या दोन पूर्ण ग्रेडचे भाव लिहितो. पुढे विकायची वेळ आली की पाचव्या पायरीतलं गुणोत्तर आयतंच तयार असतं, पुन्हा शोधत बसावं लागत नाही.